न पाहिलेल्या अर्ध्या सिनेमाची शिफारस

अर्धाच पाहिलेला एक सिनेमा मी पूर्ण पाहिला आहे असं सांगून पुतणीला सुचवला. तो भर भाऊबंदात अंगाशी आला, तेव्हा ‘मी सांगितलेला हा नव्हेच, हिनंच भलता लावला’ असं म्हणून मोकळा झालो. पहिली चूक आळसाची आणि फुशारकीची. दुसरी भित्रेपणाची, आणि तिला चूक म्हणणं म्हणजे स्वतःला सवलत देणं आहे. त्या एका वाक्यानं एका मुलीची सायकल घराबाहेर गेली, तिला मिळालेली संधी हुकली आणि स्वतःच्या बापासमोर ती खोटी ठरली.

हा मजकूर सायकलीवरच्या पुस्तकांबद्दल आणि सिनेमांबद्दलही आहे, पण यात एकाचंही नाव सापडणार नाही. नावं सांगून मी पुरेसं नुकसान केलं आहे.

जळगावात माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. हंगाम सोडला तर दिवसभर खुर्चीत बसायचं काम. चाळिशी उलटली आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालायचा कंटाळा म्हणून मी सायकल घेतली. मेहरूण तलावाभोवती सकाळी चकरा मारणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात शिरलो. त्या ग्रुपमध्ये मी कायम शेवटचा. नशिराबादपर्यंत जाऊन यायचं ठरलं की निम्म्या वाटेत माझी चेन उतरायची. खरं सांगायचं तर मीच उतरवायचो. पुढचे लोक दिसेनासे झाले की चेन बसवून शांतपणे परत फिरायचो.

पाय चालत नव्हते म्हणून तोंड चालवायला लागलो. दुकानात वेळ होता, हातात फोन होता. दर रविवारी ग्रुपवर सायकलीवरचं एक पुस्तक किंवा एक सिनेमा सुचवायचा, असं मी सुरू केलं. सुरुवातीचे काही महिने मी प्रामाणिक होतो, एवढं तरी म्हणू द्या. डोंगरातल्या शाळेत रोज सायकलनं जाणाऱ्या एका शिक्षिकेचं पुस्तक मी दोनदा वाचून मग सांगितलं होतं. त्यात पराक्रम कसलाच नाही. चढ आला की ती उतरून सायकल ढकलत नेते. साडीचा काठ चेनमध्ये अडकून काळा होतो, आणि त्या काळ्या काठावर तिनं अख्खी दोन पानं लिहिली आहेत. दूध घालणाऱ्या माणसांवरचा एक माहितीपट सांगितला होता. त्यात बराच वेळ कोणी बोलतच नाही, फक्त हँडलला टांगलेल्या किटल्या एकमेकींवर आपटत राहतात. तो पाहिल्यावर सकाळी दारात येणाऱ्या दूधवाल्याच्या मनगटांकडे माझं लक्ष जायला लागलं.

तेव्हा माझी मतं होती आणि ती माझी होती. सायकलीच्या चांगल्या पुस्तकात पंक्चर असतं. त्यातल्या घामाला वास असतो. लिहिणारा निदान एकदा तरी म्हणतो की बास, आता घरी जाऊ. पहिल्या पानावर स्वातंत्र्य आणि शेवटच्या पानावर सूर्योदय असलेली, छाती फुगवणारी पुस्तकं मी आजही कोणाच्या हातात देणार नाही. ती सायकलीवर नसतात, लिहिणाऱ्याच्या फोटोवर असतात.

पण लोक वाहवा करायला लागले आणि माझं डोकं फिरलं. दर रविवारी नवीन काही हवं. इतकं वाचून कोण संपवणार? मी मागच्या पानावरचा मजकूर वाचायला लागलो, पहिली दोन प्रकरणं वाचायला लागलो, सिनेमाचा सुरुवातीचा भाग पाहून बाकीचं इतरांच्या मतांवरून जुळवायला लागलो. शेवट सांगून मजा घालवू नये, हा संकेत माझ्या भलत्याच सोयीचा होता. शेवट सांगत नाही, असं म्हणायचं, आणि शेवट माहीतच नाही हे त्याखाली झाकायचं.

ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. बोलणं तिरकं, हसणं त्याहून तिरकं. एका सकाळी तलावाजवळच्या टपरीवर चहा घेताना त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, “शेट, मागच्या रविवारचं ते जाडं पुस्तक मी आणून वाचलं बरं का. शेवटच्या शर्यतीत तो धाकटा भाऊ मध्येच थांबतो, ते का हो? मला काही कळलं नाही.”

मी चहाचा घोट घेतला आणि विचारात पडल्यासारखं केलं. “ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं असतं,” म्हटलं. “लेखकानं मुद्दाम मोकळं सोडलंय.”

“असं का,” ते म्हणाले. “पण त्यात धाकटा भाऊ नाहीच.”

टपरीवाल्यासकट सगळे हसले. एकजण म्हणाला, “शेटची चेन पुस्तकातपण उतरते वाटतं!” म्हणजे तेही सगळ्यांना माहीत होतं.

मी घरी आलो आणि पहिलं काम काय केलं, तर त्यांना ग्रुपमधून काढलं. ग्रुपचा ताबा तोवर माझ्याकडे आला होता. कारण लिहिलं, ‘वातावरण बिघडवल्याबद्दल’. त्या माणसानं मला सावध केलं होतं, आणि मी स्वतःच्या समाधानासाठी त्याचा पाणउतारा केला. पुढच्या रविवारी, न वाचलेलं आणखी एक पुस्तक सुचवलं.

आता पुतणीबद्दल. माझा थोरला चुलतभाऊ धुळ्याला देवपुरात राहतो. त्याची पिठाची गिरणी आहे. त्याला मी भाऊ म्हणतो. त्याची मुलगी बारावीत. शिकवणीला जायला तिला साधी सायकल घेऊन दिली होती, ती ही पोरगी लळिंगच्या घाटात घेऊन जायला लागली. तिथं सराव करणाऱ्या मुलामुलींच्या सरांनी तिला पाहिलं आणि आपल्यात घेतलं. वर्षभरात ती जिल्ह्यात पहिली आली. भाऊनं कुरकुरत का होईना, तिला शर्यतीची सायकल घेतली. मग राज्याच्या निवडीआधीच्या कॅम्पसाठी तिचं नाव निघालं. दुसऱ्या शहरात, महिनाभर राहून. घरच्यांचा होकार श्रावण संपायच्या आत कळवायचा होता.

भाऊ हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. वहिनी विचारायच्या, तिथं मुलींसोबत बाई कोण असते? त्यांच्या प्रश्नाला कोणी नीट उत्तर देत नव्हतं. भाऊचे वडील, माझे काका, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते सरळ विरोधात. त्यांचं म्हणणं, पोरीची जात, सायकल घरापुरती ठीक.

पुतणीनं मला फोन केला. “काका, तुमचं ऐकतात घरी. तुम्ही कानबाईला येणारच. तुम्ही बोला ना.”

“बोलून काय होतं? दाखवायला पाहिजे,” मी म्हणालो. ही माझी रविवारची भाषा. “एक सिनेमा आहे. डोंगरातल्या गावातली मुलगी, बाप सायकल दुरुस्तीवाला. सगळ्यांना एकत्र बसवून दाखवू. आबासुद्धा विरघळतील.”

“नक्की ना? तुम्ही पूर्ण पाहिलाय?”

“हो, म्हणजे काय!”

“शेवट कसा आहे? काही वेडंवाकडं नाही ना?”

“छान आहे गं शेवट. तू लाव बिनधास्त.”

मी तो मध्यंतरापर्यंत पाहिला होता. दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून थांबवला आणि परत लावलाच नाही. तिनं अगदी नेमका प्रश्न विचारला होता, आणि मी तिला नेमकं खोटं उत्तर दिलं.

कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, आमच्याकडे सगळे भाऊबंद एकत्र येतात. कुठं कुठं पांगलेले असोत, श्रावणातल्या त्या रविवारी थोरल्या घरी, म्हणजे धुळ्याला भाऊकडे यायचं. एरवी वर्षभर एकमेकांची तोंडं न पाहणारेही त्या दिवशी एका पंगतीला बसतात, कारण रोट, म्हणजे देवीचा गव्हाचा प्रसाद, भाऊबंदांनीच खायचा असतो, बाहेरच्याला द्यायचा नसतो. त्याचे गहू आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ असे मोजून घेतात. भाऊची गिरणी आदल्या दिवशी धुऊन पुसून ठेवतात आणि त्या दिवशी तिच्यावर दुसरं दळण घेत नाहीत. घरातले मोठे निर्णय, कोणाचं लग्न, कोणाचा शेताचा बांध, तेव्हाच निघतात. म्हणून तर मी तो मुहूर्त निवडला. सगळ्यांच्या देखत होकार मिळाला की भाऊला मागं फिरता येणार नाही, असा माझा हिशोब.

रविवारी दुपारी, देवी बसायच्या आधी, बाहेरच्या खोलीत सगळे टीव्हीसमोर बसले. गल्लीतले चुलतभाऊ, त्यांच्या बायका, आबा खुर्चीत. स्वयंपाकघरात गंगाफळाची भाजी शिजत होती आणि बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहत होत्या. पुतणीनं फोन टीव्हीला जोडला. मी ऐटीत दोन शब्द बोललो. सिनेमा कसा बघावा, हेही सांगितलं.

पहिला अर्धा भाग फारच सुरेख आहे. बाप रात्री जुन्या सायकलींचे भाग जोडून तिच्यासाठी सायकल बनवतो, आणि सकाळी ती चढावर निघाली की मागून पळत जाऊन धक्का देतो. मग एक दिवस तो पळत येतो आणि ती हाताला लागतच नाही, इतकी पुढं गेलेली. तेव्हा भाऊनं डोळे पुसले. मी पाहिलं. आबा पुढं सरकून बसले होते.

“भलती चपळ शे पोर! जिकी का रे ती?” त्यांनी मला विचारलं.

“बघा तर खरं आबा,” मी म्हणालो.

मध्यंतरानंतर ती मुलगी कॅम्पला जाते. संध्याकाळी कोच मुलींना रांगेत उभं करतो आणि एकेकीच्या दंडात सुई टोचतो. ताकदीची आहे म्हणतो. ही नको म्हणते, तर तिच्या थोबाडीत मारतो. मग दोघी मैत्रिणींना तिचे हात धरायला लावतो. पुढच्या प्रसंगात ती रस्त्यावर सायकलसकट कोसळते आणि तोंडातून रक्त येतं.

 हे मी पहिल्यांदाच पाहत होतो, त्या खोलीतल्या सगळ्यांसारखंच.

“बंद कर रे ते!” आबा ओरडले. “देवी बसाना दिन, आनि हाई काय दखाडी ऱ्हायनात?”

भाऊ उठला आणि त्यानं टीव्हीची वायरच ओढली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. एक चुलतभाऊ म्हणाला, “बरं झालं, आधीच कळलं. हे असं असतं तर कॅम्पमध्ये.” त्याची बायको म्हणाली, “आणि आपण पोरी पाठवायच्या.” भाऊ माझ्याकडे वळला.

“तू सांगितला होतास ना हा?”

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या घरात वाचणारा, समजणारा, ज्याचा शब्द खरा मानतात असा मी एकटा. लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर माझ्याकडून, मुलांनी पुढं काय शिकावं ते माझ्याकडून.

“नाही,” मी म्हणालो. “मी सांगितला तो वेगळा. हिनं भलताच लावला. नाव सारखं असेल म्हणून गफलत झाली असेल.”

“काका?” ती म्हणाली. “तुम्हीच सांगितलात ना? फोनवर?”

“नाही गं बेटा. हा नव्हे.” आणि मी हसलोसुद्धा. मोठी माणसं लहानांच्या गोंधळावर हसतात तसं.

ती काहीच बोलली नाही. मला आजही ते समजत नाही आणि समजतंही. सतरा वर्षांच्या मुलीनं सगळ्या भाऊबंदांसमोर काकाला खोटारडा म्हणायचं, तेही कानबाईच्या दिवशी, तर तिच्या बाजूनं कोण बोललं असतं?

भाऊनं तिच्या हातातून फोन काढून घेतला. “हे बघत असतेस तू? सरावाच्या नावाखाली?” पुढं जे झालं त्यात आवाज कोणाचाच चढला नाही, ते जास्त वाईट होतं. गावाकडं परत निघालेल्या चुलतभावाच्या पिकअपमध्ये भाऊनं तिची सायकल चढवून दिली. गावच्या घरात, कडब्याजवळ ठेवायला.

दुसऱ्या दिवशी पांझरा नदीवर कानबाई शिरवायला, म्हणजे विसर्जनाला निघालो. वाजतगाजत सगळे नाचत होते, पोरी फुगड्या खेळत होत्या. ती मागं, एकटी चालत होती. मी तिच्याजवळ गेलो. बोलायचं होतं असं नाही, जवळ जाऊन बरं वाटावं म्हणून गेलो.

“रोट खाल्लास का?” मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

“माझ्या नावाची मूठ असते का त्यात?” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. “तुमच्या नावाची आहे. तुम्ही खा.”

धुळ्याहून परत येताना पारोळा मागं पडेपर्यंत माझी बायको गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, “पोरगी तुमच्याकडे बघत होती. मीही बघत होते.”

“सगळे अंगावर आले. मी काय करणार होतो?”

“म्हणून तिला पुढं केलंत.”

“मी भाऊला फोन करून समजावतो.”

“करा ना. घ्या गाडी बाजूला. आत्ता करा.”

“घरी गेल्यावर करतो.”

“सिनेमा शेवटपर्यंत बघत नाही, बोललेलं शेवटपर्यंत निभवत नाही. आयुष्यात एखादी गोष्ट तरी पूर्ण करा,” ती म्हणाली, आणि एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा गाडीतून उतरलीच नाही.

फोन मी केला नाही. उद्या करू, परवा करू. भाऊ चिडलेला असेल, जरा शांत होऊ दे. दुकानात माल यायचाय. अशी कारणं मला भराभर सुचत होती. मुदत संपायला वेळ आहे, हे मी रोज स्वतःला सांगत होतो. खरं कारण एकच होतं. धुळ्यात मी जो कोणी होतो, तो मला राहायचं होतं.

त्या दिवसांत एकदा भर दुपारी दुकानात बसून मी सिनेमाचा उरलेला अर्धा भाग पाहिला. तो पाहून मला अधिकच मेल्यासारखं झालं, कारण सिनेमा चांगला आहे. ती मुलगी दवाखान्यातून घरी येते आणि सगळं सांगते. आधी आईला, मग गावाला, मग मोठ्या साहेबांच्या समोर. कोचला घालवतात. पुढच्या कॅम्पला मुलींसोबत एकेकीची आई आळीपाळीनं जाऊन राहते. म्हणजे वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. मी तो आधी पाहिला असता, तर भाऊला आणि वहिनींना बाजूला बसवून सांगू शकलो असतो, की मधला भाग अवघड आहे, घाबरवणारा आहे, खराही आहे, पण उठू नका. तेवढंच तर शिफारस करणाऱ्याचं काम असतं. त्यासाठीच आधी स्वतः शेवटपर्यंत बसायचं असतं.

बँकवाल्या गृहस्थांना मी त्या आठवड्यात तलावावर गाठलं. ते एकटेच चकरा मारायचे. मी सायकल आडवी घालून त्यांना थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायचं होतं, आणि माझ्याबद्दल वाईट मत आधीच असलेला माणूस सोपा वाटला.

“मग मला काय सांगताय?” ते म्हणाले.

“तुम्ही तेव्हा बोललात ते बरोबर होतं.”

“ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल तुम्ही मला ग्रुपमधून हाकललंत, तेही ठाऊक आहे.”

“तुम्हाला परत घेतो.”

“नको. तिथं आहे काय?” त्यांनी पायडलवर पाय ठेवला. “इथं माझ्यासमोर रडून घेतलंत की तुम्हाला हलकं वाटणार आणि धुळ्याला जायचं राहणार. सरका. वाट सोडा.”

तरीही मी गेलो नाही. ते म्हणाले होते तसंच झालं, मला हलकं वाटलं, आणि तेवढ्यावर आणखी काही दिवस निघाले.

मग वहिनींचा फोन आला. दुसऱ्याच कामासाठी, माझ्या बायकोला. बोलता बोलता त्या म्हणाल्या की सरांचा निरोप आला होता. मुदत संपली, त्यांनी दुसऱ्या मुलीचं नाव घातलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. “आमच्याही जिवावर आलं होतं नाही म्हणायचं,” वहिनी म्हणाल्या, “पण आता हिचा भरवसा काय धरायचा? खोटं बोलायला लागली म्हणजे...” माझ्या बायकोनं फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला होता. माझ्याकडे बघत होती.

आता जाऊन काहीच साधणार नव्हतं. कॅम्प गेला होता. कदाचित म्हणूनच मी निघू शकलो, ही गोष्टही मला लपवता येत नाही. बसस्टँडकडे जाताना मनात एक विचार आला होता, की सायकलनं जावं. जळगाव ते धुळे, माफी मागायला. ग्रुपवर काय छान दिसेल! तो विचार आला त्या क्षणी मला माझी इतकी किळस आली की समोर उभी होती त्या बसमध्ये जाऊन बसलो.

संध्याकाळची वेळ होती. भाऊ नुकताच गिरणीतून आला होता, भुवयांवर पीठ. आबा खुर्चीत. मी पाणीही न घेता म्हणालो, “भाऊ, तो सिनेमा मीच सांगितला होता. ती खोटं बोलली नाही. मी बोललो.”

भाऊला आधी समजलंच नाही. मग समजलं. 

“मी तिला काय काय बोललो, माहीत आहे तुला?” तो म्हणाला. “माझ्या पोरीला. तुझ्या शब्दावर.”

“इतला मोठा व्हयना,” आबा म्हणाले, “दुकानदार व्हयना, आनि पोरवर ढकली दिधं?” ते सायकलीच्या विरोधात होते, तरीही खुर्चीतून अर्धे उठले होते. “माले सांगू नको. जा, तिले सांग.”

पुतणी आतल्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, “बेटा, माझं चुकलं. पण तेव्हा सगळे असे एकदम...”

“पण नको,” ती म्हणाली.

“अगं, तसं नाही...”

“पण न म्हणता बोलता येत असेल तर बोला. आणि इथं आम्हा चौघांत नको. त्या दिवशी जे होते ते सगळे बोलवा. मला खोटी पाडलीत तेव्हा सगळे होते.”

वहिनी म्हणाल्या, “जाऊ दे ना गं, आले ना ते कबूल करायला.”

“नाही जाऊ द्यायचं,” भाऊ म्हणाला. त्यानं चप्पल घातली आणि स्वतः गल्लीत जाऊन भावांना बोलावून आणलं. गावच्या चुलतभावाला फोन लावला आणि त्याला आधी एवढंच सांगितलं, “उद्या पिकअप घेऊन ये. सायकल टाकून आण. आता ऐक.” मग तो फोन त्यानं टीव्हीशेजारी ठेवला, आवाज मोठा करून.

खोली भरली. बायका आल्या, पोरं आली. काय झालं, काय झालं, अशी कुजबूज. एकजण म्हणाला, “काय शेट, आज कोणता सिनेमा?” कोणी हसलं नाही. पुतणी समोर भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून. मला खुर्ची कोणी दिली नाही आणि मी मागितली नाही.

मी तिच्याकडे बघून बोललो. जेवढं आठवतं तेवढं असं होतं:

“तो सिनेमा मी अर्धाच पाहिला होता. तू मला विचारलंस पूर्ण पाहिलाय का, मी हो म्हणालो. ते खोटं होतं. त्या दिवशी तू लावलास तो सिनेमा मीच सांगितलेला होता. माझं हसू होईल म्हणून मी सगळ्यांसमोर तुला खोटी पाडली, आणि तू विचारलंस तेव्हा पुन्हा एकदा पाडली. नंतर मुदत होती तोवर मी आलो नाही. तुझ्या कॅम्पपेक्षा मला माझा मान मोठा वाटला. तू खरं बोललीस, मी खोटं बोललो, हे इथल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं. तुझं जे गेलं ते मला परत आणता येत नाही. मी तुझी माफी मागतो.”